आधी फोटो, मग बकेट: जमिनीखालच्या लाईन आणि नुकसानीचा दावा



कर्जत-खालापूर पट्ट्यात खोदाईच्या धंद्यात उतरायचं म्हणणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. नेरळ, कशेळे, कडावच्या बाजूला फार्महाऊस आणि प्लॉटिंग. चौक, खालापूर, खोपोलीकडे गोदामं आणि कारखाने. पलीकडे पाताळगंगा एमआयडीसी. कंपाउंडचा पाया, सेप्टिक टँक, पाण्याची लाईन, केबलचा चर, रस्त्याकडेची गटारं. पावसाळा सोडला तर काम भरपूर. एक जेसीबी, एक ट्रॅक्टर आणि चार माणसं असली की सुरुवात होते.

मशीनचा हप्ता, डिझेल, ऑपरेटरचा पगार, ग्रीस-ऑइल हा हिशेब सगळे करतात. राहतो तो जमिनीखालचा हिशेब. एक केबल तुटली की त्या दिवसाचं भाडं तर जातंच, पण खरा फटका मागून येतो. ज्याची केबल, तो दुरुस्तीचं बिल पाठवतो. ज्याने काम दिलं, तो तुमचं बिल अडकवून ठेवतो. वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ असते, "सर्व नुकसानीची जबाबदारी मशीनमालकाची". हप्त्यावर मशीन घेतलेल्या माणसाला एवढं पुरतं.

या वादात गोष्ट एकाच प्रश्नावर येऊन थांबते: लाईन कुठे आहे ते तुम्हाला दाखवलं होतं का, आणि तुम्ही कुठे खोदलं? याचं उत्तर जमिनीवरच्या खुणांत असतं. आणि त्या खुणा सगळ्यात आधी कोण पुसतं? तुमचंच बकेट. खोदाई सुरू झाली की फक्कीची रेघ, खुंटी, मातीतली पिवळी पट्टी, सगळं ढिगाऱ्यात जातं. मग तुमच्या बाजूचा पुरावा तुमच्याच हाताने गेलेला असतो. म्हणून रेकॉर्ड करायचं ते पहिलं बकेट पडण्याआधी.

आपल्या पायाखाली काय काय आहे?

यादी वाटते त्यापेक्षा लांब आहे. महावितरणच्या केबल. बीएसएनएल आणि खासगी टेलिकॉम कंपन्यांची फायबर. ग्रामपंचायतीकडे जाणारी भारतनेटची फायबर. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा एमआयडीसीची पाण्याची लाईन. रायगड जिल्ह्यात पाईपने गॅस देण्याचं काम महानगर गॅसकडे आहे, त्यामुळे त्यांच्याही लाईन. रेल्वेच्या हद्दीत सिग्नलच्या केबल. शिवाय जिल्ह्यातून मोठ्या, दाबाच्या पाईपलाईन जातात, जसं गेलची दाभोळ-पनवेल गॅस पाईपलाईन किंवा मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जाणारी एचपीसीएलची पेट्रोलियम पाईपलाईन.

या शेवटच्या प्रकाराला वेगळा कायदा आहे, १९६२ चा. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण पाईपलाईनच्या पट्ट्यात कंपनीला वापर हक्क मिळतो. त्या पट्ट्यात जमीनमालकाला बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. म्हणून प्लॉटिंगच्या कामाला जाण्याआधी सातबारा मागा आणि "इतर हक्क" हा रकाना वाचा. मालक म्हणाला "आपलीच जमीन आहे, मार बिनधास्त", तरी त्या पट्ट्यात कंपनीचा माणूस समोर असल्याशिवाय मशीन उतरवू नका.

नुकसान किती लांब पोहोचतं याचं जवळचं उदाहरण ठाण्याचं आहे. तिथे एका बोअरवेलमुळे मुंबईला पाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या बोगद्याला गळती लागली. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवस मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. भोक एकाच जागी पडलं, पण पाणी कमी आलं ते सगळ्या शहराला.

कायदा आता कडक झाला आहे

२२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू झालं. न विचारता, ताळमेळ न ठेवता केलेल्या खोदाईने फायबरसारख्या लाईन तुटतात आणि देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या नियमांनी खोदणाऱ्याने खोदाईआधी सामायिक पोर्टलवर कळवणं बंधनकारक केलं. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आला. टेलिकॉम नेटवर्कचं नुकसान केलं तर ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

घाबरवायला हे सांगत नाही. पण "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर आता पुरत नाही. विचारायची सोय आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा "तुम्ही विचारलं होतं का?" हा प्रश्न येणारच.

विचारा, पण लेखी

ॲपमध्ये खोदाईची जागा, तारीख आणि कामाचा प्रकार भरला की त्या भागात नोंद असलेल्या लाईनमालकांना सूचना जाते. तुम्ही भरलेल्या माहितीचा आणि आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.

पण ॲपवर थांबू नका. गावातली पाण्याची लाईन पुष्कळदा कोणत्याच नकाशावर नसते. ती ठाऊक असते पाणी सोडणाऱ्या माणसाला. त्याला जागेवर न्या. ग्रामपंचायतीला दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. महावितरणच्या शाखा कार्यालयात, रस्त्याच्या कडेला काम असेल तर बांधकाम विभागात, गॅसची लाईन जवळ असेल तर कंपनीकडे, सगळीकडे तेच. पोचपावतीचा एक कागद उद्या हजार शब्दांच्या खुलाशापेक्षा जड पडतो.

उत्तर आलं नाही तर? गप्प राहणं म्हणजे परवानगी नव्हे. पुन्हा एकदा लेखी आठवण करा, तीही जपून ठेवा, आणि त्या जागी आधी हाताने चाचणी खड्डा घ्या.

अमेरिकेत रंग मारतात, आपल्याकडे काय?

अमेरिकेत २००७ पासून देशभर ८११ हा एकच नंबर आहे. खोदण्याआधी फोन केला की लाईन कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात. वीज लाल, गॅस पिवळा, टेलिकॉम नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, सांडपाणी हिरवं, आणि जिथे खोदायचं आहे तिथे पांढरं. अनेक राज्यांत खुणेच्या दोन्ही बाजूंना १८ ते २४ इंचांच्या आत हाताने जपूनच खोदायचं असतं. तिथले ठेकेदार या रंगीत रेघांचे फोटो काढूनच मशीन लावतात, कारण दावा आला की तेच फोटो कामाला येतात.

आपल्याकडे अशी रंगाची पद्धत सरसकट नाही. कुठे कंपनीचा दगड किंवा पाटी असते, कुठे लाईनमन पायाने रेघ ओढून "इथून जाते" म्हणतो, कुठे काहीच नाही. म्हणून खूण पक्की करायचं कामही तुमच्याकडे येतं. तुमची खोदाईची ओळ पांढऱ्या फक्कीने आखा. दाखवलेली लाईन दुसऱ्या रंगाने, खुंट्या ठोकून आखा. दोन्ही रेघा एकाच फोटोत दिसल्या पाहिजेत.

आणि सापडलेल्या पाईपच्या रंगावर विसंबू नका. गॅसचा प्लास्टिक पाईप पिवळा किंवा नारिंगी असतो, पण फायबरची नळीही नारिंगी येते. पाण्याचा एचडीपीई पाईप काळा, निळ्या पट्ट्यांचा असतो, पण मातीने माखल्यावर पट्टी दिसत नाही. रंग फक्त इशारा देतो. पाईप कुणाचा हे मालकाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

आपल्या भागातली खास अडचण: खोली

"फायबर खोल असते, काही होत नाही" असं बरेच ऑपरेटर म्हणतात. फायबरसाठी ठरलेली खोली १६५ सेंमी आहे, हे खरं. पण कातळ लागला की ती कमी ठेवून वर काँक्रीट टाकतात. आणि आपल्याकडे कातळ कुठे लागेल याचा भरवसा नाही. दुसरं, प्लॉटिंगमध्ये जमिनीची लेव्हल बदलते. टेकडी कापून सपाट केली की खोल असलेली लाईन वर येते. मुरूम भरला की कंपनीचा दगडच गाडला जातो. पावसाळ्यात गवत वाढतं, खुंट्या वाहून जातात. गेल्या वर्षी दाखवलेली खूण यंदा धरायची नाही.

पंधरा मिनिटांची फाईल

आता मुख्य काम. मोबाईल, टेप, फक्की आणि एक पाटी एवढंच लागतं.

१. पाटीचा फोटो. पाटीवर तारीख, गाव, गट नंबर, काम देणाऱ्याचं नाव आणि वर्क ऑर्डरचा नंबर लिहा. फाईलमधला पहिला फोटो हाच.

२. लांबून फोटो. खोदाईची पूर्ण जागा दिसेल असा, आणि त्यात हलणार नाही अशी एखादी वस्तू हवी: मोरी, वीजखांब, पक्क्या कंपाउंडचा कोपरा. झाड किंवा दगड धरू नका, उद्या ते तिथे नसेल.

३. मधल्या अंतरावरून फोटो. दोन्ही रेघा, तुमची आणि लाईनची, एकत्र दिसतील असा.

४. जवळून, टेप लावून. प्रत्येक खुणेचं अंतर दोन पक्क्या वस्तूंपासून मोजा. एकाच वस्तूपासून मोजलं तर खूण नेमकी कुठे होती ते पुन्हा काढता येत नाही. दोन अंतरं असली की पुसलेली खूणही पुन्हा उभी करता येते.

५. खूण नाही याचाही फोटो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पूर्ण ओळीवर कुठेही पाटी, दगड, चेंबर नव्हतं, हे दाखवणारा फोटो पुढे तुमचा मोठा आधार असतो. चालत चालत सलग व्हिडिओ घ्या, आणि जे दिसतंय ते तोंडाने सांगत जा.

६. चाचणी खड्ड्याचा फोटो. लाईन डोळ्याने दिसेपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंना निदान मीटरभर मशीन लावू नका. लाईन सापडली की वरच्या लेव्हलपासून खोली टेपने दाखवा.

७. रोज सकाळी नवा फोटो. पाऊस पडला, रात्री ट्रक गेला, कुणी खुंटी उपटली, तर खूण पुन्हा आखा आणि पुन्हा फोटो घ्या.

फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. जागा-तारीख छापणारी कॅमेरा ॲप वापरलीत तरी चालेल, पण साधा मूळ फोटोही ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली माहिती जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधला फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. तेव्हा कुठल्या मोबाईलवर काढला, कुणी काढला हे सांगता आलं पाहिजे. मूळ फाईल खोडू नका, तिच्यात एडिटिंग करू नका. त्याच संध्याकाळी कामाच्या नावाचा फोल्डर करून दुसरीकडे कॉपी ठेवा.

तोंडी सांगितलेलं लेखी कसं करायचं?

लाईनमन येतो, हात दाखवतो, निघून जातो. त्याच्याकडून सही मागितली तर तो चिडतो. यावर सोपा उपाय आहे. तो गेल्यावर लगेच त्याला आणि काम देणाऱ्याला असा मेसेज करा:

"नमस्कार साहेब. आज सकाळी आपण मौजे अमुक, गट नं. अमुक येथील पूर्वेकडच्या कंपाउंडलगतची खोदाईची जागा पाहिलीत. आपण दाखवल्याप्रमाणे आपली केबल रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आहे, आमच्या खोदाईच्या ओळीत नाही. त्यानुसार उद्या सकाळी ८ वाजता काम सुरू करत आहोत. यात काही बदल असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावे. जागेचे फोटो सोबत जोडले आहेत."

भाषा नम्र आहे, आरोप कुठेच नाही. पण कोण आलं, काय दाखवलं, कधी दाखवलं, सगळं नोंदलं गेलं. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुम्ही विचारलंत हे राहतं.

तासाच्या भाड्याने मशीन लावत असाल तर चलन बुकात एक ओळ छापून घ्या: "खोदाईची जागा मालकाने किंवा प्रतिनिधीने दाखवली." खाली सही. तासांची सही घेतोच ना आपण? तिथेच ही पण.

लाईन तुटलीच तर

आधी माणसं, मग पुरावा. गॅसचा वास आला किंवा सुसाट आवाज आला तर मशीन बंद करून सगळ्यांना वाऱ्याच्या उलट दिशेने लांब न्या. मोबाईल, विडी, काही नको. माती टाकून बुजवायला जाऊ नका. लांब गेल्यावर कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर आणि ११२ वर कळवा. विजेची केबल लागली तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसावं, जमलं तर बकेट बाजूला घ्यावं. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी मशीनला हात लावायचा नाही. आग लागली आणि उतरावंच लागलं तर मशीन आणि जमीन एकाच वेळी न धरता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय घासत लांब जायचं.

जागा सुरक्षित झाली की मग फोटो. तुटलेली जागा आणि तुमची आखलेली खूण यांच्यातलं अंतर टेपने दाखवा. लाईनची खोली दाखवा. वर सावधानतेची पट्टी होती की नव्हती ते दाखवा. कंपनीचे लोक दुरुस्ती करून खड्डा बुजवायच्या आत हे झालं पाहिजे, कारण नंतर तिथे बघायला काही उरत नाही.

आणि कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. पंचनाम्यावर सही मागितली तर आधी पूर्ण वाचा आणि "पाहणीच्या वेळी हजर, जबाबदारी मान्य केलेली नाही" असं लिहून मगच सही करा. बिल आलं तर तपशील मागा: किती मीटर केबल बदलली, किती जॉइंट, किती मजुरी. दोन मीटरच्या जागी दोनशे मीटरचं बिल आलं तर तुमचे फोटोच बोलतात.

एक स्पष्ट सांगतो. तुम्ही खुणेवरच खोदलं असेल तर हीच फाईल ते दाखवेल, आणि मग भरपाई द्यावीच लागेल. फाईल निष्काळजीपणा झाकत नाही. तुमची नसलेली चूक तुमच्या माथी येऊ नये, एवढंच तिचं काम.

वर्क ऑर्डर आणि विमा

"सर्व नुकसानीची जबाबदारी मशीनमालकाची" ही ओळ दिसली तर ती बदलून मागा: "काम देणाऱ्याने दाखवलेल्या व जागेवर खूण केलेल्या लाईनचे नुकसान मशीनमालकाच्या चुकीने झाल्यास जबाबदारी मशीनमालकाची. न दाखवलेल्या लाईनची जबाबदारी काम देणाऱ्याची." मोठा बिल्डर कदाचित मान्य करणार नाही. पण विचारलंत तर निदान लाईनचा नकाशा तरी देईल.

विम्याचंही बघा. कामाच्या विमा पॉलिसीत जमिनीखालच्या केबल-पाईपसाठी एक खास अट जगभर वापरली जाते. काम सुरू करण्याआधी विमाधारकाने लाईनची नेमकी जागा संबंधितांकडे विचारलेली असली पाहिजे आणि काळजी घेतलेली असली पाहिजे, तरच भरपाई. म्हणजे हप्ता भरला आणि विचारल्याचा कागद नाही, तर दावा अडकतो. मशीनच्या गाडी-विम्यात खोदताना तुटलेली केबल येते का, हेही एजंटला लेखी विचारा.

याचे पैसे लावा

नवीन माणूस कोटेशनमध्ये फक्त तासाचा दर लिहितो. तुम्ही एक वेगळी ओळ लिहा: "लाईन चौकशी, आखणी, चाचणी खड्डा आणि फोटो रेकॉर्ड." रक्कम छोटी असू दे, पण ओळ असू दे. घासाघीस झाली तर गिऱ्हाईकाला आधीच्या कामाची एक फाईल दाखवा. कारखान्याचा किंवा गोदामाचा मॅनेजर ती बघून समजतो की हा माणूस काम करून पळणारा नाही. स्वस्त दरवाला दुसरा मिळेलच त्याला, पण केबल तुटल्यावर त्याची वीज किंवा इंटरनेट बंद पडतं हे त्यालाही माहीत असतं.

पुढच्या कामापासून सुरुवात करा. फक्कीची पिशवी, पन्नास मीटरचा टेप आणि एक पाटी आजच मशीनमध्ये ठेवा. ऑपरेटरला एकच नियम सांगा: फोटो झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही.